विद्यार्थी निवासाची निवड : काही रूढ गैरसमज आणि महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास
(विशेष संदर्भ : वसई-विरार परिसर)

बीजसंज्ञा : वसतिगृह, बोर्डिंग, माधुकरी, सहभोजन, आदिवासी विद्यार्थी, स्वयं योजना, पालघर जिल्हा

प्रस्तावना :

जून-जुलै महिन्यात प्रवेशप्रक्रिया सुरू झाली की वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांत जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, तलासरी या तालुक्यांतून येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक दिसू लागतात. विषय, शुल्क आणि जातप्रमाणपत्र यांविषयीचे प्रश्न संपले की शेवटचा प्रश्न हमखास येतो, "मुलाने राहायचे कुठे?" या प्रश्नाला आपण प्राध्यापक मंडळी जी उत्तरे देतो ती बहुधा ऐकीव असतात. जवळचे तेच चांगले, शिस्त कडक असेल तेथे मुलगी सुरक्षित, जातीच्या वसतिगृहात गेल्यास दृष्टी संकुचित होते, लोकल आहे तर वसतिगृह हवेच कशाला, शासन भत्ता देते मग अडचण कसली, अशी ही उत्तरे आहेत. त्यांतील प्रत्येकात थोडे तथ्य आहे. परंतु महाराष्ट्रातील वसतिगृहांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासासमोर ती ठेवून पाहिली असता बहुतेक उत्तरे अपुरी ठरतात, आणि काही तर उलटी ठरतात.

प्रस्तुत लेखाचा उद्देश वसतिगृहांचा समग्र इतिहास सांगण्याचा नाही. निवासाची जागा पारखताना दारावरची पाटी, भाडे आणि अंतर यांच्याकडे पाहिले जाते. मात्र आत प्रवेश कोण देतो, स्वयंपाक कोण करतो आणि पंगतीला कोण बसतो या तीन गोष्टींनीच त्या जागेचे खरे स्वरूप ठरत आले आहे, एवढे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

वसतिगृहापूर्वीची व्यवस्था :

वसईपुरते बोलावयाचे तर निवासी शिक्षणाची सुरुवात फार मागे नेता येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील वसईच्या किल्ल्यात जेझुइट धर्मगुरूंचे विद्यालय होते. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद प्राप्त झालेले गोन्सालो गार्सिया हे वसईचेच, आणि त्यांचे बालपण या जेझुइटांच्या सहवासात गेले. तथापि या परंपरेचा आधुनिक वसतिगृहांशी थेट धागा जोडणे धाडसाचे होईल. आपल्याकडील वसतिगृहांचा उगम शोधावयाचा तर पुण्यातील पेठांकडे वळले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून किंवा देशावरून पुण्यास शिकावयास आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागत असे, किंवा सात घरी सात वार लावून जेवत असे. झोपण्यासाठी एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा ओवा पुरत असे. अनेक नामवंतांच्या चरित्रांत या दिवसांचे वर्णन आढळते आणि ते वाचून आपणही विद्यार्थ्यांना सांगतो की, पूर्वीचे लोक सोयी नसताना शिकले. येथेच पहिला गैरसमज आहे. ती सोय नव्हती असे नाही. ती एक पूर्ण विकसित सोय होती. गावोगावच्या गृहस्थांनी धर्मकर्तव्य म्हणून चालविलेली, विनाशुल्क भोजनाची आणि निवासाची ती व्यवस्था होती. मात्र ती एका वर्णापुरती होती. कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा महाराच्या मुलाने वार लावून जेवणे तर दूरच, त्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत त्याची सावलीही पोहोचत नव्हती. त्या मुलांच्या वाट्याला माधुकरीचे कष्टही आले नाहीत, कारण माधुकरी मागण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. वसतिगृह ही संस्था या रिकाम्या जागेतून जन्माला आली. कष्टाळू विद्यार्थ्याला निवासाची गरज नसते, हे विधान या इतिहासाशी जुळत नाही.

'सर्वांसाठी खुले' या पाटीचा अर्थ :

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूर संस्थानचा कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते, ही आकडेवारी सर्वपरिचित आहे. त्यामानाने पुढील घटनेकडे कमी लक्ष गेले आहे. १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू करण्यात आले. ते कोणत्याही एका जातीसाठी नव्हते. सर्वांसाठी खुले होते. काही वर्षांतच ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. नियमावलीत कोणाला मज्जाव करण्याची गरज नव्हती. प्रवेश आणि व्यवस्था कोणाच्या हाती आहे, स्वयंपाकी कोण आहे आणि महाविद्यालयापर्यंत पोहोचलेले विद्यार्थी मुळात कोणत्या घरांतून आलेले आहेत, एवढ्यानेच निकाल लागला. 

महाराजांनी यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. याशिवाय लिंगायत, दैवज्ञ, नामदेव, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशी वसतिगृहांची मालिका निर्माण झाली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या, याचा उल्लेख आपण आवर्जून करतो. परंतु पहिले बोर्डिंग त्याच्या आदल्या वर्षीचे आहे, हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. जागा राखून ठेवल्या तरी त्या भरण्यास शिकलेली मुले हवीत, आणि खेड्यातील मुलगा शिकावयाचा तर त्याला शहरात दोन वेळचे जेवण आणि अंथरूण हवे. १९२० मध्ये नाशिक येथील उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यासाठी महाराज गेले, तोपर्यंत कोल्हापूरचे हे प्रारूप संस्थानाबाहेरही रुजले होते.

जातवार वसतिगृहांवर तेव्हाही आणि आजही एकच आक्षेप घेतला जातो. यामुळे जातीयता वाढते, असा तो आक्षेप आहे. तो सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. भाऊराव पाटील हे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. म्हणजे ज्या वसतिगृहाने एका समाजातील मुलांसाठी दार उघडले, त्याच्याही आत एक उंबरठा होताच. पण ही हकीकत येथेच थांबवून 'जातीची वसतिगृहे वाईट' असा निष्कर्ष काढणे म्हणजे अर्धा इतिहास वाचणे होय. याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथे महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले एकत्र राहत, स्वतः दळत, स्वतः रांधत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात उभारलेले युनियन बोर्डिंग हाऊस हेही याच विचाराचे अपत्य होते.

कोल्हापूरचे १८९६ चे वसतिगृह आणि साताऱ्याचे १९२४ चे वसतिगृह, दोन्ही 'सर्वांसाठी खुली' होती. पाटी एकच, पण साताऱ्यात प्रवेश देणारा माणूस दाराबाहेर पडून गरीब मुले शोधून आणत होता आणि चुलीवर कोणा एका जातीची मालकी नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते जातवार वसतिगृहांचा टप्पा वगळून कोल्हापूर थेट साताऱ्याच्या प्रयोगापर्यंत पोहोचले असते, असे मानण्यास आधार नाही. ज्यांना पहिल्या पिढीत कोठेच पाय ठेवावयास जागा नव्हती, त्यांना आधी स्वतःची जागा हवी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केल्यानंतर आरंभीच्या कार्यांत ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले, ते याच जाणिवेने.

आज एखादा विद्यार्थी आपल्या समाजाच्या वसतिगृहात प्रवेश घेतो तेव्हा त्याला संकुचित ठरविण्यापूर्वी, ज्या खाजगी सदनिकेत 'कोणीही चालेल' असे सांगितले जाते तेथे आडनाव विचारल्यावर काय होते, हे पाहणे उचित ठरेल. मांसाहाराविषयीची अट हे त्या प्रश्नाचे आजचे सभ्य रूप आहे.

मुलींचे निवास आणि सुरक्षिततेची कल्पना :

मुलींच्या निवासाच्या बाबतीत अंतर आणि कडकपणा या दोन निकषांना अवास्तव महत्त्व दिले जाते. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन सुरू केले आणि १८९० मध्ये ते पुण्यास नेले. विधवा मुलींना आपापले आचार पाळता यावेत म्हणून तेथे स्वयंपाकाची स्वतंत्र व्यवस्था होती. तरीही धर्मांतराच्या संशयावरून वाद पेटला, १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादातील दोन्ही बाजूंची चर्चा भरपूर झाली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, मुलींनी राहावे की जावे हा निर्णय मुलींना विचारून झाला नाही. सदनातील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी त्याच वर्षी, १८९३ मध्ये, पुनर्विवाह केला, आणि तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, अनाथ बालिकाश्रम काढला.

हा आश्रम १९०० मध्ये हिंगण्यास हलविण्यात आला. तेव्हाचे हिंगणे म्हणजे पुण्यापासून कित्येक मैल दूर असलेले माळरान होते. 'मुलींना गावाबाहेर ठेवणे धोक्याचे' हा विचार त्या काळी आजच्यापेक्षा शतपटीने प्रबळ असणार. परंतु शहरातील निंदेपासून दूर जागा हवी होती. अण्णासाहेब फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन उरकून तेथे पायी जात असत. विश्वास भिंतीच्या उंचीमुळे निर्माण होत नाही, रोज येऊन चौकशी करणाऱ्या माणसामुळे होतो, हे हिंगण्याच्या झोपडीने दाखविले. याची दुसरी बाजू अलीकडची आणि दुःखद आहे. जून २०२३ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्ह परिसरातील शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली आणि संशय तेथेच काम करणाऱ्या पहारेकऱ्यावर आला. शासकीय इमारत, मध्यवर्ती जागा, दारावर पहारा, पालकांच्या यादीतील सर्व निकष तेथे पूर्ण होत होते.

'लोकल असताना वसतिगृह कशाला?' :

हा गैरसमज खास आपल्या भागातला आहे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली, आणि तेव्हापासून वसई-विरारचा माणूस अंतर किलोमीटरमध्ये न मोजता गाडीच्या वेळेत मोजत आला आहे. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. येथील मुलगा सकाळी घर सोडतो, दरवाजाला लटकून जातो, रात्री परततो आणि त्याला कोणी वसतिगृहाचा विद्यार्थी मानत नाही. त्याचे रोजचे तीन-चार तास कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत. आपण प्राध्यापकही त्यातलेच असल्याने आपल्याला हे स्वाभाविक वाटते. येथे किंचित विषयांतर करून सांगावेसे वाटते की, विरार लोकलमध्ये अभ्यास करून उत्तीर्ण झालेल्यांच्या कथा हा आपल्या भागाचा माधुकरीचा पाठ झाला आहे. जे उत्तीर्ण झाले नाहीत त्यांची कथा कोणी सांगत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत वाढली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांची सोय झाली, हे निःसंशय. परंतु जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा यांच्या तालुका ठिकाणी रेल्वे स्थानक नाही. पाड्यावरून रस्त्यापर्यंत चालणे, तेथून एस.टी. किंवा जीप, मग गाडी, असा प्रवास असणाऱ्या मुलीस 'आता डहाणूपर्यंत लोकल आहे' हे सांगून उपयोग नाही. किनारपट्टी आणि डोंगरपट्टी यांतील हा भेद जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्यातील कुरणशाळेची कल्पना या संदर्भात आठवते. मूल गुरांमागे रानात जाते, तर शाळाच रानात नेली पाहिजे, असा तो विचार होता. प्राथमिक स्तरावर शाळा मुलाकडे नेता येते. पदवीचे शिक्षण, त्यातील प्रयोगशाळा आणि ग्रंथालय पाड्यावर नेता येत नाही. तेथे मुलालाच यावे लागते, आणि येणे म्हणजे राहणे.

भत्ता म्हणजे जागा नव्हे :

शासकीय वसतिगृहांची क्षमता अपुरी पडू लागल्याने २०१६-१७ पासून राज्य शासनाने प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या खात्यात रक्कम जमा करण्याचे धोरण स्वीकारले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना या त्यातील प्रमुख होत. योजना स्वागतार्ह आहेत. परंतु आरंभीचे दर पाहावेत. वरच्या गटातील शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यांपैकी निवासासाठी २०,००० रुपये होते. म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. या गटात मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर ही शहरे होती, वसई-विरार नव्हते. खालच्या गटांत निवासाची रक्कम याहून कमी होती. विरार किंवा नालासोपारा येथे अनामत रक्कम, दलाली आणि भाडे यांची बेरीज करणाऱ्यास या आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नाही.

२०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील भोजनालयाऐवजी भोजनाची रक्कम थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यास विरोध करीत पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे हाती मिळत असताना विरोध कशाला, असे तेव्हा अनेकांना वाटले. खरे पाहता विद्यार्थ्यांना कळलेली गोष्ट साधी होती. रक्कम उशिरा आली तर भूक उशिरा लागत नाही, आणि सामुदायिक चूल बंद झाली की एकत्र राहण्याचा अर्थही कमी होतो. लक्ष्मीबाईंनी दागिने विकले ते ती चूल पेटती ठेवण्यासाठी.

खिशात पैसा असूनही जागा मिळत नाही, याचे आपल्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण १९१७ मधील बडोद्याचे आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना संस्थानच्या नोकरीत रुजू होताना राहावयास कोणी घर दिले नाही. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले आणि जमावाने तेथूनही त्यांना बाहेर काढले. पगार, पदवी आणि पद या तिन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या.

करारपत्राविषयीचा गैरसमज मात्र उलट दिशेचा आहे. अकरा महिन्यांचा करार ही मालकाच्या सोयीची बाब असून तो न केलेलाच बरा, असे विद्यार्थी समजतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करणे आणि नोंदविणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. असा नोंदविलेला करार नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे कायद्याने राहणाऱ्याचीही बाजू पाहिली आहे. प्रत्यक्षात एका सदनिकेत पाच-सहा मुले राहतात, करार झालाच तर एकाच्या नावाने होतो, आणि उरलेल्यांजवळ त्या जागेत राहत असल्याचा कोणताही पुरावा नसतो. भत्त्याच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा जोडण्याची वेळ आली की ही गोष्ट उघड होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमावलीची व्याप्ती महाविद्यालयाच्या आवाराबाहेरील विद्यार्थी निवासांपर्यंत आहे. ती अमलात आणावयाची तर आपले विद्यार्थी कोठे राहतात हे महाविद्यालयास ठाऊक असले पाहिजे. कोल्हापूरच्या बोर्डिंगांत आणि साताऱ्याच्या वसतिगृहात कोणता मुलगा कोणत्या गावचा, तो कोणाबरोबर राहतो आणि आज जेवला की नाही, हे चालकांना माहीत असे. आपल्या प्रवेश अर्जावर 'सध्याचा पत्ता' अशी ओळ असते, आणि जव्हार-मोखाड्याहून आलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर तेथे बहुधा गावाचाच पत्ता पुन्हा लिहिलेला असतो.